व्यायाम-विचार : जोर आणि मनगट

बिडकीनहून आमच्या एका वाचकांचें पत्र आलें आहे. पत्र लांबलचक आहे, परंतु त्यांतील प्रश्न पुष्कळ घरांतला असल्यामुळें या महिन्याचें सदर आम्ही त्यालाच देत आहों. पत्रलेखक हे घरांतील कर्ते गृहस्थ, वय ६८. ते लिहितात :

“आमच्या घरांत लहानमोठीं चौदा माणसें. मी स्वतः पन्नाशीपर्यंत रोज पाऊणशें जोर काढीत असें. माझा पुतण्या, वय २६, गांवालगतच्या नव्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. दिवसभर संगणकापुढें बसतो व मोटारसायकलीवरून जातो-येतो. दिवाळीपासून त्यानें जोर सुरू केले (त्यास तो ‘पुशअप’ म्हणतो) आणि दीड महिन्यांत रोजच्या साठांवर गेला. आतां तीन आठवडे त्याचें उजवें मनगट दुखतें. मी म्हणतों, सवयीनें जाईल. आमच्याच मराठवाड्यांतील जांबचे समर्थ रोज बाराशें सूर्यनमस्कार घालीत, त्यांचें मनगट दुखल्याचें कोणी ऐकलें नाहीं. त्याची काकू म्हणते, व्यायाम कायमचा बंद. इकडे माझा तेरा वर्षांचा नातू त्याचें पाहून मित्रांशीं पैजेनें शंभर-शंभर जोर काढतो. यावरून घरांत जेवतांना अबोला होण्याची पाळी आली आहे. आपण निवाडा करावा.”

निवाडा आधींच सांगून टाकतों. ‘सवयीनें जाईल’ हें म्हणणें चुकीचें आहे. ‘व्यायाम बंद’ हेंही तितकेंच चुकीचें आहे. आणि ज्याची काळजी सर्वांत अधिक घ्यावयाची, त्या तेरा वर्षांच्या नातवाकडे या वादांत कोणाचेंच लक्ष नाहीं. आतां याचीं कारणें पाहूं.

मनगट म्हणजे एक सांधा अशी आपली समजूत असते. वास्तविक तेथें आठ लहान हाडें दोन ओळींत बसविलेलीं आहेत. तीं एकमेकांवर थोडथोडीं सरकतात व अस्थिबंधांच्या दोऱ्यांनीं जागच्या जागीं जखडलेलीं असतात. या रचनेमुळेंच लेखणी चालविणें, रवी घुसळणें, सतार छेडणें आपल्याला साधतें. परंतु जो सांधा सर्व बाजूंनीं वळतो, तो भार वाहण्यास तितका चांगला नसतो. गुडघ्याची घडण भार वाहण्यासाठीं, तशी मनगटाची वळण्यासाठीं आहे. कोपरापासून खालीं येणाऱ्या दोन हाडांपैकीं अंगठ्याच्या बाजूचें हाड मनगटाशीं रुंद होतें, आणि मनगट सरळ असतां भाराचा सुमारें चार पंचमांश भाग तेंच घेतें. करंगळीच्या बाजूस मात्र हाड आणि मनगट यांच्यामध्यें कूर्चेची एक नाजूक चकती आहे.

आतां एक प्रयोग करून पाहा. हात पुढें धरून, दुसऱ्या हाताची मदत न घेतां, पंजा वरच्या बाजूस वळवा. बहुतेकांचें मनगट साठ-सत्तर अंशांवर थांबेल. नंतर तळहात जमिनीवर सपाट टेकून खांदा त्याच्या बरोबर वर आणा. मनगट नव्वद अंशांवर आलें. हे मधले वीस-तीस अंश स्नायूंनीं मिळविलेले नाहींत. ते शरीराच्या भारानें दाबून काढलेले आहेत. त्या अवस्थेंत पंजाच्या पाठीकडील हाडें एकमेकांवर दाबलीं जातात व त्यांच्यामधील आवरण चिमटीत सांपडतें. जोर काढणारांचें दुखणें बहुधा याच जागीं असतें.

भाराचा हिशेबही ध्यानांत घ्यावा. हात व पाय दोन्ही जमिनीवर असतां शरीराच्या वजनापैकीं सुमारें दोन तृतीयांश हातांवर येतें, आणि छाती खालीं गेल्यावर त्याहूनही थोडें अधिक. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या प्रत्येक मनगटावर २० किलो. गुडघे टेकले तर हातांवरचा भार निम्म्यावर येतो. हात दोन फूट उंचीच्या बाकावर टेकले तर तो दोन पंचमांशांच्या आसपास उतरतो, म्हणजे दर मनगटास १२ किलो. दुखणें उपजतें तें कोन आणि भार या दोहोंच्या गुणाकारांतून, आणि उपायही याच दोहोंत आहे.

आतां समर्थांच्या दाखल्याविषयीं. समर्थांचा जन्म १६०८ सालीं जांब येथें, म्हणजे हल्लींच्या जालना जिल्ह्यांत, झाला. बाराशें नमस्कारांची कथा परंपरेनें चालत आली आहे व तिच्याशीं वाद घालण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु नमस्कार आणि ‘पुशअप’ यांत मनगटाच्या दृष्टीनें मोठा भेद आहे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सूर्यनमस्कारांचा जो क्रम आपल्या संस्थानांतील शाळांतून रूढ केला, त्यांत दहा अवस्था आहेत. त्यांपैकीं कांहींत हात जमिनीवर टेकलेले असले तरी भार बहुतांशीं पायांवर असतो. कंबर वर उचलून टांचा खालीं दाबण्याच्या अवस्थेंत शरीराचा भार मागें जातो, बाहु तिरपा होतो, आणि पंजा व बाहु यांमधला कोन मोकळा होतो. म्हणजे एका नमस्कारांत मनगट थोडा वेळ दाबलें जातें आणि पुष्कळ वेळ विसावतें.

आपल्या तालमींतला जोरही याच जातीचा आहे. कंबर वर, डोकें दोन्ही बाहूंच्या मध्यें. तेथून छाती जमिनीलगत नेत पुढें, मग छाती वर, आणि पुन्हां मागें. या मागें येण्यांत प्रत्येक वेळीं मनगटाला सुटका मिळते. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनीं संपादिलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम-ज्ञानकोशा’ची ज्यांना ओळख आहे, त्यांना आपल्या व्यायामपरंपरेनें असल्या बारकाव्यांचा किती विचार केला होता हें सांगावयास नको. ‘पुशअप’मध्यें अंग फळीसारखें ताठ ठेवून केवळ वरखालीं व्हावयाचें असतें, त्यामुळें पहिल्या आवृत्तीपासून साठाव्या आवृत्तीपर्यंत मनगट त्याच कोनांत अडकून राहतें. पत्रलेखकांनीं काढलेले पाऊणशें आणि पुतण्याचे साठ हे एकाच मापानें मोजतां येत नाहींत. अर्थात् जोरांतही एक जपण्याजोगी जागा आहेच. पुढें झेपावतांना खांदे हातांच्या फार पुढें गेले, तर कोन नव्वदांच्याही पलीकडे जातो. ती झेंप आंवरावी.

‘सवयीनें जाईल’ हें वाक्य आम्हींही एकदां उच्चारलें आहे, आणि त्याची टोंचणी अजून गेलेली नाहीं. आमच्याकडे व्यायामास येणारा कॉलेजांतील एक मुलगा सायकलीवरून पडला. पडतांना त्यानें उजवा पंजा टेकला. चार दिवसांत सूज उतरली आणि तिसऱ्या आठवड्यांत तो पुन्हां जोर काढूं लागला. अंगठ्याच्या मुळाशीं दुखतें म्हणाला. आम्हीं सांगितलें, मुरगळ आहे, सवयीनें जाईल. मुलगा आज्ञाधारक, चार महिने त्यानें तोंडांतून शब्द काढला नाहीं. पुढें क्ष-किरणांत दिसलें कीं, अंगठ्याकडील होडीच्या आकाराचें लहान हाड मधोमध तुटलें होतें व सांधलें नव्हतें. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील टोंकानें होतो. तें मधें तुटलें कीं कोपराकडील तुकडा उपाशी राहतो, आणि वेळीं बंदोबस्त न केल्यास सांधतच नाहीं. शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावा लागला. मनगट पूर्वीइतकें कांहीं वळूं लागलें नाहीं. त्या मुलानें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं, म्हणूनच तो प्रसंग आज लिहून ठेवीत आहों.

यासाठीं दोन प्रकारचें दुखणें प्रत्येकानें ओळखावयास शिकलें पाहिजे. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीं दंड व छाती ठणकते. ती ठणक पसरट असते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप जाते. ती सवयीनें खरोखरच कमी होते. परंतु एका बोटानें दाखवितां येईल अशी, सांध्याच्या आंत, हात टेकतांक्षणीं उठणारी कळ ही निराळी. ती सहन करण्यांत कोणताही पुरुषार्थ नाहीं.

आतां जोर काढण्याची रीत सांगतों.

पूर्वतयारी.— थंड मनगटावर एकदम भार घालूं नये. मुठी वीस वेळां मिटाव्या-उघडाव्या आणि मनगटें दोन्ही बाजूंनीं सावकाश फिरवावीं. छातीपुढें नमस्काराप्रमाणें हात जोडून, तळव्यांचे मागचे भाग एकमेकांपासून सुटूं न देतां, हात हळूहळू पोटाकडे उतरवावे व ताण जाणवतांच थांबावें. मग लहान मूल रांगतें तसें हातां-गुडघ्यांवर येऊन अंग दहा-पंधरा वेळां किंचित् पुढें-मागें झुलवावें. या सर्वांस चार मिनिटें पुरतात.

हात कसा टेकावा.— बोटें फांकवावीं. मधलें बोट सरळ पुढें किंवा किंचित् बाहेरच्या बाजूस असावें. सगळा भार तळव्याच्या मागच्या उंचवट्यावर टाकण्याची खोड बहुतेकांस असते; ती मोडावी. बोटांच्या पेरांनीं जमीन पकडल्यासारखी दाबावी आणि तर्जनीच्या मुळाशींही भार घ्यावा. असें केलें म्हणजे पुढच्या बाहूचे स्नायु काम करूं लागतात व सांध्यावरचा ताण हलका होतो. दोन हातांतील अंतर खांद्यांहून थोडें अधिक असावें आणि हात डोक्याच्या रेषेंत न ठेवतां छातीच्या रेषेंत ठेवावे. खालीं गेल्यावर कोपर मनगटाच्या बरोबर वर आलें पाहिजे. गादीवर किंवा जाड घडीच्या सतरंजीवर जोर काढूं नयेत. तळव्याचा मागचा भाग आंत रुततो आणि कोन आणखी वाढतो. हातांतील घड्याळ काढून ठेवावें. स्त्रियांनीं काचेच्या बांगड्या उतरवाव्या. हातच्या कांकणाला आरसा नको असें म्हणतात. जोर काढतांना कांकणच नको.

कोन वांचविण्याच्या युक्त्या.— पहिली युक्ति अगदीं घरगुती आहे. पंचाची एक-दीड इंच जाडीची घट्ट घडी करून ती तळव्याच्या फक्त मागच्या भागाखालीं ठेवावी, बोटें जमिनीवर. तेवढ्यानें कोन कमी होतो, आणि पुष्कळांचें दुखणें पहिल्याच दिवशीं हलकें पडतें. दुसरी युक्ति मुठीत धरावयाच्या हत्त्यांची. असे जोडीनें मिळणारे हत्ते बाजारांत सर्वत्र विकत मिळतात. ते धरले कीं मनगट सरळ राहतें आणि भार हाडांवरून सरळ खालीं जातो. षट्कोनी डंबेलेंही चालतात. वाटोळीं मात्र घरंगळतात, तीं घेऊं नयेत. तिसरी युक्ति मूठ टेकण्याची. तर्जनी व मध्यमा यांच्या मुळाचे दोन उंचवटे घोंगडीच्या घडीवर टेकावे व मनगट एका सरळ रेषेंत ठेवावें. परंतु मनगट मध्येंच कलंडलें तर उलट इजा होते, म्हणून नवशिक्यांनीं व बोटांचे सांधे दुखणारांनीं या वाटेस जाऊं नये.

पायऱ्या.— भार एकदम न घेतां पायरीपायरीनें घ्यावा. प्रथम भिंत. नंतर स्वयंपाकघरांतील ओटा. त्याची कड मुठीत धरतां येते, त्यामुळें कोनही वांचतो. त्यानंतर भिंतीला टेकविलेला भक्कम बाक, मग जमिनीवर गुडघे टेकून, आणि शेवटीं पुरता जोर. (झोंपाळ्याच्या पाटावर हात टेकून पाहण्याची कल्पना कोणत्याही घरांतील मुलांना सुचतेच, तीस मोठ्यांनीं वेळींच आळा घालावा.) एका पायरीवर बारा-बाराचे तीन फेरे, एक दिवसाआड, दोन आठवडे निर्वेधपणें झाले, आणि त्या वेळीं किंवा दुसऱ्या दिवशीं सकाळीं मनगटानें तक्रार केली नाहीं, तरच पुढची पायरी. स्नायु कांहीं आठवड्यांत बळावतात, पण अस्थिबंधांना महिने लागतात. दीड महिन्यांत साठांवर जाणाऱ्या तरुणाची छाती तयार झालेली असते, मनगट मागें राहिलेलें असतें. त्यांत दिवसभर संगणकाच्या कळांवर उचललेले पंजे आणि जातां-येतां मोटारसायकलीची पिळावयाची मूठ. संध्याकाळीं जोराला उभें राहीपर्यंत तें मनगट आधींच थकलेलें असतें. अति तेथें माती ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

मनगटाचें बळ.— यासाठीं निराळीं साधनें नकोत. ओला पंचा दोन्ही दिशांनीं आळीपाळीनें पिळावा. कणीक तिंबण्याचें काम घरांतील पुरुषांनींही अधूनमधून करावें. बोटांना व पुढच्या बाहूला त्याहून चांगला व्यायाम थोडाच आहे. बाहु मेजावर ठेवून पंजा कडेबाहेर काढावा, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली धरावी आणि ती फक्त मनगटानें सावकाश वर-खालीं करावी. बारा वेळां पालथ्या हातानें, बारा वेळां उताण्या हातानें. ज्या बाईनें सकाळपासून वीस-पंचवीस पोळ्यांची कणीक मळली आहे, तिनें मात्र लगेच जोर काढूं नयेत. तिच्या मनगटाची मजुरी झालेली असते.

आतां नातवाकडे वळतों. वाढत्या वयांत हाडाच्या टोंकाशीं कूर्चेचा एक थर असतो, आणि हाडाची लांबी त्याच्यांतून वाढते. मनगटाशीं अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा हा थर पंधरा ते अठरा वर्षांच्या सुमारास पक्कें हाड होतो. तोंपर्यंत तो भोंवतालच्या अस्थिबंधांहूनही नाजूक असतो. हातांवर वारंवार भार घेणाऱ्या कसरतपटू मुलांत या थराला इजा होऊन हाडाची वाढ खुंटल्याचीं उदाहरणें वैद्यकाला माहीत आहेत. याचा अर्थ मुलांनीं जोर काढूं नयेत असा मुळींच नाहीं. दहा-बारा नीटस जोर, एक दिवसाआड, आणि त्यांच्या जोडीला धांवणें, पोहणें, मल्लखांब, झाडावर चढणें हें सर्व उत्तम. घातक ती पैज. पैजेंत मूल दुखणें लपवितें, आणि आंकडा पुरा करण्यासाठीं अंग वाटेल तसें टाकतें. मुलानें मनगट दुखतें म्हटलें कीं तेथेंच थांबवावें. त्याला मोठ्यांचा दाखला देऊं नये.

वैद्याकडे केव्हां जावें, हेंही स्पष्ट सांगतों. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशींच्या खळग्यांत दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशीं. असली भेग पहिल्या क्ष-किरणांत पुष्कळदां दिसत नाहीं, म्हणून दुखणें राहिल्यास दहा-पंधरा दिवसांनीं पुन्हां तपासून घ्यावें. मनगटाच्या पाठीवर गांठ आली असेल, सूज उतरत नसेल किंवा वळवितांना खटका लागून कळ येत असेल, तरीही दाखवावें. अंगठा व त्याशेजारचीं दोन बोटें रात्रीं बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटांतून जाणारा मज्जातंतु दाबला जात असण्याचा संभव आहे. मधुमेही, गलग्रंथीचा विकार असलेलीं माणसें आणि गर्भवती स्त्रिया यांत हा विकार अधिक आढळतो. सकाळीं उठल्यावर दोन्ही मनगटें तासभर आंखडलेलीं राहत असतील, तर तो व्यायामाचा दोष नव्हे. संधिवाताची तपासणी करावी. यांपैकीं कांहीं नसलें, तरी दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीनें जें दुखणें हटत नाहीं, तें अंगावर काढूं नये.

शेवटीं बिडकीनच्या त्या घरासाठीं. पुतण्याच्या मनगटाला तीन आठवडे झाले आहेत, पण विश्रांति एक दिवसाचीही मिळालेली दिसत नाहीं. त्यानें आजपासून जमिनीवर तळहात टेकणें दोन आठवडे बंद ठेवावें. बैठका चालू ठेवाव्या, चालणें वाढवावें. न दुखतां होत असतील तर भिंतीपाशीं थोडे जोर काढावे. दुखलें तर तेही नकोत. संगणकापुढें मनगट सरळ राहील इतकी खुर्ची वर घ्यावी, आणि तासातासानें हात मोकळे करावे. मध्यंतरीं तो गाडीवरून किंवा पायरीवरून पडला होता काय, हें त्याला कोणी विचारल्याचें पत्रांत नाहीं. तें आज विचारावें. पडला असेल, किंवा दोन आठवड्यांनींही दुखत असेल, तर छत्रपती संभाजीनगर कांहीं दूर नाहीं. तेथील अस्थितज्ज्ञांस दाखवावें.

काकूंचा जीव दुखऱ्या हातासाठीं तुटतो हें योग्यच आहे. परंतु दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा व्यायाम बंद करणें म्हणजे एका मनगटासाठीं सबंध देह आजारी पाडणें होय. तेव्हां त्यांनीं बंदी उठवावी आणि स्वतः ओट्यापाशीं रोज दहा जोर काढून पाहावे.

आणि पत्रलेखकमहाशय, आपण पन्नाशीनंतर जोर सोडले असें लिहितां. भिंतीपाशीं बारा जोर अडुसष्टाव्या वर्षींही निघतात. तेव्हां आपण सकाळीं ओटीवर भिंतीशीं उभें राहावें, एका बाजूस पुतण्या व दुसऱ्या बाजूस नातू घ्यावा, आणि बाराचा आंकडा मोठ्यानें आपणच मोजावा. तेरावा कोणी काढूं लागला, तर त्यास थांबविण्याचा अधिकार घरांत आपल्याइतका दुसऱ्या कोणास नाहीं. दोन महिन्यांनीं मनगटाची हकीकत अवश्य कळवावी.